घुबडानं नेलेलं ढेकूल

घुबड पाहाचं असलं की लोकं झाडावर पाह्यते. नेरचा रौशन पिंजारी झाडाखाली पाह्यते. म्हणून लोकाईले ते दिसत नाई अन त्याले दिसते. यात जादू-बिदू काई नाई, कोणी उगाच गावभर सांगत फिरू नये.

पिंजारी म्हणजे गाद्या-रजया पिंजणारा. दिवाळी झाली, थंडी सुटली की रौशन खांद्यावर पिंजण टाकून खेड्याईच्या वाटेले लागे. पिंजण म्हणजे माणसाएवढं लाकडाचं धनुष्य, त्याले आतड्याची तात ताणून बांधलेली. त्या तातीवर लाकडाचा मुठ्या हानला की टंग-टंग करत दबलेली रुई फुगून वर येते, अन वर्सभर अंगाखाली चपटी झालेली गादी पुन्हा गादीसारखी दिसाले लागते. नेरमधी तवा पिंजाची मशीन आलती. शहरातले लोकं फोमच्या गाद्या घेऊन राह्यलेते. पण खेड्यातल्या बाया म्हणत, मशीन रुईचा भुगा करते, आपला रौशनभाऊच बरा. अन मशीन भुगा करतेच, त्यात खोटं काई नाई.

पिंजाऱ्याच्या बोटाईले एक खोड असते. गाठ दिसली की उकलाची. मंग ते रुईतली असो, दोऱ्यातली असो, का लोकाच्या दुपट्ट्यातली. एका थंडीत रौशन एका चिचेखाली भाकर खाले बसला. बाजूले एक काया गोया पडला होता, अंगठ्याएवढा. त्याले वाटलं, आपल्याच गठडीतून मळकट रुईचा बोया पडला. भाकर खाता खाता बोटं चालूच. उकलता उकलता त्यातून बारीक बारीक हाडं निघाले, अन शेवटी उंदराची आख्खी खोपडी, पिवये दात सुद्धा!

दुसऱ्या कोणी फेकलं असतं. रौशननंही फेकलंच. लांब फेकलं, हात धुतले, तोबा-तोबा केली. मंग थोड्या वेळानं जाऊन पुन्हा उचलून आणलं. कारण काम लय साफ होतं. केस वेगये, हाडं वेगये, अन वरून कसं घट्ट बांधलेलं! हे बांधणारा कोन कारागीर आहे म्हणून त्यानं वर पाह्यलं, तं चिचेच्या ढोलीतून दोन डोये त्याच्याकडेच पाहून राह्यलेते.

घुबड उंदीर सगळाच गियते. मास पोटात जिरवते अन केस-हाडाचा गोया करून तोंडातून बाहेर टाकते. हे रौशनले नंतर समजलं, पाहून पाहूनच समजलं. तवापासून त्याले घुबड आपल्या धंद्यातलंच कोणी वाटे. आपण गोया उकलतो, ते गोया बांधते, बस एवढाच फरक.

मंग सवयच लागली. ज्या गावाले जाईन तिथलं घुबड पाह्यल्याशिवाय परत येत नसे. वाटेनं चालताना खांद्यावरची तात वाऱ्यानं गुणगुणे, अन निंबावरचे पिंगळे, म्हणजे ते मुठीएवढे बारके घुबडं, ढोलीतून बाहेर येऊन त्या आवाजाले मुंडी वर-खाली, वर-खाली करत. रौशनही थांबून त्याईले मुंडी हालवून दाखवे. रस्त्यानं जाणारे हासत.

त्याची बायको गझाला म्हणे, "दुनिया मोर देखती, तुम उल्लू देखते."

"मोर तो सबको दिखता," तो म्हणे.

आता ज्या थंडीची गोष्ट आहे, त्या वर्सी कापसाचा भाव पार पडलता. कोणी विकाले तयार नाई. ज्याच्या त्याच्या घरात कापूस. बाजेखाली कापूस, देवघराले लागून कापूस, पोट्टे कापसावरच झोपत अन सकायी अंग खाजवत उठत. नाल्यापलीकडच्या गावात किसनराव अन बेबीताईचं घर होतं. त्याईच्या अंगणातला बंडा, म्हणजे सामान ठेवाची टिनाची खोली, कापसानं आढ्यापर्यंत भरला होता.

"आज नाई तं उद्या भाव येईन," किसनराव म्हणत.

"येईन तवा येईन," बेबीताई म्हणत. "तोवर पोरीच्या गाद्या तरी जाड होऊ द्या."

पोरगी म्हणजे सुरभी. माघात तिचं लगन होतं, वणीकडचं सासर. थोड्या कापसाची सरकी काढून किसनरावनं नेरच्या जिनिंगमधून रुई करून आणलती. ते गठडीही बंड्यातच ठेवली. गाद्या भराले रौशनले बोलावणं गेलं.

पुसात एका दुपारी रौशन पोचला. घरापुढच्या सपरीत बसला, चहा घेतला, तात टिचकी मारून पाह्यली.

"काढा बेबीताई रुई. तात वाट पाहून राह्यली."

"रुई बंड्यात आहे, रौशनभाऊ."

"मंग काढा न."

"बंडा उघडत नाई."

"कुलूप बिघडलं का?"

"नशीब बिघडलं," बेबीताई म्हणाल्या अन पदर तोंडाले लावला.

रौशननं बंड्याकडे पाह्यलं. दाराले दोरी बांधलेली, दोरीत लिंबू-मिरच्या. अन इकडे सपरीच्या कोपऱ्यात बाजेवर सुरभी, शाल पांघरून, भितीकडे तोंड करून. मागच्या वर्सी हेच पोट्टी त्याच्या पिंजणीचा मुठ्या पयवून नेत होती अन सापडू देत नव्हती. आता हातातल्या बांगड्या घसरून कोपराशी आल्या होत्या.

"काय झालं इले?"

किसनराव हळूच म्हणाले, जसं काई बैल चोरीले गेला, "घुबडानं पोरीचं ढेकूल नेलं."

तिकडे सारेच मानत. घुबडाले ढेकूल मारू नये. मारलं तं ते ढेकूल पंज्यात झेलते, नदी-नाल्यात नेऊन टाकते. मंग ते ढेकूल पाण्यात जसं जसं विरघयते, मारणारा तसा तसा झिजते. ढेकूल संपलं की माणूस संपला.

"कवा झालं हे?" रौशननं इचारलं.

सुरभी भितीकडूनच बोलली. "म्हशीले सरकी काढाले गेलती, सांजीची. दार उघडलं तं कापसातून कापूसच उडाला, चाचा. पांढरं, येवढं मोठं, अन पंखाचा आवाज म्हणून नाई. माह्या डोक्यावरून गेलं. मी भेली अन दाराले टेकण लावलेलं ढेकूल उचलून फेकून मारलं."

"लागलं का त्याले?"

"लागन कसं? झेललं त्यानं. ढेकूल पडल्याचा आवाजच नाई आला. अजिबात नाई आला."

शेजारच्या सुखीबाईनं ते ऐकलं अन ढेकलाची सगळी कथा पोरीसमोरच सांगितली. त्या दिवसापासून सुरभीच्या गळ्याखाली घास उतरत नव्हता. जेवत नाई म्हणून झिजे, झिजते म्हणून भेये, भेते म्हणून जेवत नसे. नेरच्या डॉक्टरनं ताकदीची बाटली देल्ली, ते तशीच खिडकीत. असंच चाललं असतं तं माघात मांडव उभा राह्यला असता पण नवरी उभी राह्यली नसती.

"पांढरं होतं न?" रौशन पुढं सरकला. "तोंड कसं होतं? पिंपयाच्या पानासारखं?"

"मी कायले पाहू त्याचं तोंड!"

"अवं बेटा, घुबड ढेकूल कायले नेईन? त्याले का घर बांधाचं आहे?"

"तुमी पिंजारी आहा, रौशनभाई," किसनराव म्हणाले. "तुमाले यातलं काय मालूम?"

"पिंजारी आहो म्हणूनच मालूम."

पण बाजेवरची शाल काई हालली नाई. रौशननं पाह्यलं, बोलून होत नाई. सुरभीचा मुठ्या पयवणारा हात त्याले आठवत होता. "उद्या तुले ते घुबडच दाखवतो," तो म्हणाला. "त्यालेच इचार ढेकूल कुठी ठेवलं ते."

दुसऱ्या दिवशी सकायी तो एकटाच नाल्यानं निघाला. धुई पडलती, पऱ्हाटीवर राह्यलेला कापूस भिजून लोंबत होता. झाडाझाडाखाली वाकून पाह्यत गेला. एका मोहाच्या झाडाजवळ साळुंक्याईचा लय कल्ला. साळुंक्या कल्ला करून राह्यल्या म्हणजे साप असन, नाई तं मांजर, नाई तं आपला सोयरा. मोहाच्या बुडाशी चुन्याचे ओघळ पडल्यासारखी पांढरी विष्ठा अन खाली काये गोये. रौशननं मंग कुठी वर पाह्यलं. ढोलीच्या तोंडाशी ऊन आलतं, अन त्या उन्हात घुबड डोये मिटून बसलं होतं. पांढरं, अंगावर जसं काई सोनेरी दाणे पेरलेले. तोंड अगदी पिंपयाचं पान.

रौशन तिथीच बांधाच्या धुऱ्यावर बसून राह्यला. चहाची वेय गेली, ऊन चांगलं वर आलं. घुबडानं एकदा एक डोया उघडला, पिंजाऱ्याले पाह्यलं अन पुन्हा मिटून घेतला. रौशनले एवढं बरं वाटलं की आपण इथी कोणत्या कामाले आलो हेच तो विसरला. आठवलं तवा पयतच गावात आला.

सुरभीले नेणं काई सोपं नव्हतं. बेबीताई सोबत निघाल्या, किसनराव "मी घुबड पाहाले नाई येत, मी वावर पाहाले येतो" म्हणत मागं निघाले. नाला लागला तशी बेबीताईनं सगळ्याईले तंबी देल्ली.

"तिथी कोणी कोणाचं नाव घेऊ नका. घुबडानं नाव ऐकलं की तेच नाव घेत बसते, मंग ते माणूस राह्यत नाई."

"बरं," रौशन म्हणाला. "चाल बेटा सुर..."

"रौशनभाऊ!"

"आता माह्यं नाव कोनं घेतलं?"

किसनराव मागून हासले. बेबीताईनं वळून पाह्यलं तसे खोकाले लागले.

मोहाखाली रौशननं सुरभीले आपल्या जागी उभं केलं अन बोट दाखवलं. पह्यले तिले काईच दिसलं नाई. मंग एकदम दिसलं. शेतात गोफण घेऊन उभ्या पोरासारखं ते मारकं-बिरकं काई नव्हतं. उन्हात ऊब घेत बसलेलं, तोंडाले पावडर लावल्यासारखं.

"चाचा," ती हळूच म्हणाली, "हे तं नवरीवानी बसलं आहे."

"मंग? तुह्यासारखंच. भेलेलं."

तेवढ्यात बेबीताईनं किंकाळी मारली. "सापडलं व माय! ढेकूल सापडलं! पाण्यात नाई टाकलं त्यानं, कोरडं आहे!"

त्याईच्या हातात घुबडानं टाकलेला एक काया गोया होता. चांगला मोठा, वाळलेला, अन आपल्या काया मातीच्या ढेकलासारखाच दिसे. बेबीताईनं ते पदरात घेतलं, किसनरावनं लांबूनच हात जोडले. सुरभीच्या तोंडावर रंग आला, खरंच आला.

रौशनच्या तोंडावर बोल आलता, तो त्यानं गिळला. गप राह्यलं तं काय बिघडते? पोट्टी आज जेवीन, बंडा उघडीन, गाद्या भरतीन. कोणाचं काई जात नाई.

मंग सुरभीनं इचारलं, "चाचा, पावसात विरघयन न हे?"

"डब्यात ठेवू," बेबीताई म्हणाल्या. "पक्क्या झाकणाच्या."

"सासरी नेऊ का डबा?"

"नेजो. कोणाले दाखवू नोको म्हणजे झालं."

रौशनले दिसलं सगळं. आभाय आलं की हे पोट्टी आयुष्यभर डबा छातीशी धरून बसन. जिथी टिन गळते तिथून डबा उचलन, इकडून तिकडे, तिकडून इकडे. अन तसंही त्याची बोटं मघापासून शिवशिवत होती.

"आना इकडे," तो म्हणाला, अन बेबीताईच्या पदरातून गोया घेऊन उकलाले लागला.

"फोडू नका! रौशनभाऊ, पोरगी फुटन माही!"

पण पिंजाऱ्याचं बोट गाठीत शिरलं की थांबत नाई. काये केस सुटे झाले, बारकी हाडं तयहातावर पडली, अन शेवटी खोपडी निघाली, पिवये दात सुद्धा.

"पाहा. उंदीर आहे. ढेकलाले दात असते का?"

सुरभीनं तयहात पाह्यला, मंग तिचा चेहरा पुन्हा उतरला, पह्यल्यापेक्षा जास्त. "मंग माह्यं ढेकूल कुठी आहे?"

"घ्या!" किसनराव तडकले. "सापडलेलं बी घालवलं तुमी."

परतताना तिघंही पुढं पुढं चालले. रौशन सगळ्याईच्या मागं, मान खाली. चूक झाली का, हेच त्याच्या डोक्यात. बोटाले उंदराचे केस चिपकले होते, ते तो चालता चालता चोळत होता, अन त्यात एक पांढरा धागा होता. रुईचा. जिनिंगची रुई गावात किसनरावकडेच, म्हणून हा उंदीर त्याईच्याच कापसातला. म्हणजे घुबड बंड्यात येत होतं ते याच्यासाठी.

रुईचा धागा बोटात आला अन रौशन वाटेतच उभा राह्यला.

आवाजच नाई आला, असं म्हणे पोट्टी.

आता हे दुसऱ्या कोणाच्या डोक्यात आलं नसतं, कारण दुसऱ्या कोणाचा मुठ्या रोज रुईत हरवत नाई. हातातून सुटला की येवढं जड लाकूड, पण पडल्याचा आवाज म्हणून नाई. डोयासमोर पडते अन सापडत नाई. रुई गियून टाकते. रौशनचं अर्धं आयुष्य रुईत हात घालून मुठ्या हुडकण्यात गेलं होतं.

"बेटा!" तो ओरडला. "ढेकूल मारलं तवा तुह्यं तोंड कुणीकडे होतं? अंगणाकडे का बंड्याकडे?"

सुरभीनं थांबून आठवलं. "बंड्याकडे. ते माह्यावर आलं तशी मी डोये मिटले अन समोर हानलं."

"समोर काय होतं?"

"कापूस."

रौशन झपाझप चालाले लागला. अंगणात आल्याबरोबर त्यानं बंड्याची दोरी सोडली, लिंबू-मिरच्या खुंटीले अडकवल्या. बेबीताई "नोको, नोको" म्हणत राह्यल्या. आत कापसाचा ढीग, ऊबट, उंदराच्या मुताचा वास. रौशन खांद्यापर्यंत हात घालून बोटं चालवाले लागला. डोये मिटले, जसा काई नाडी पाहून राह्यला. इथी सरकी. इथी वाळलं पान. इथी उंदराचं बीळ. किसनराव दारात उभे राहून अंग खाजवत होते.

"काई नाई तिथी," ते म्हणाले. "घुबडानं नेलं म्हणजे नेलं."

"थांबा जी जरा," रौशन म्हणाला. मंग हासला. हात बाहेर आला तं हातात ढेकूल.

मुठीत मावन एवढं, काया मातीचं. एका बाजूले शेण लागलेलं. बेबीताई सपरी सारवताना दारही सारवत, अन दाराच्या टेकणालेही हात फिरवत, त्याचं ते शेण. त्यात त्याईच्याच बोटाच्या रेघा.

"टेकण!" सुरभी म्हणाली. "दाराचं टेकण आहे हे!"

बेबीताईनं ढेकूल दोन्ही हातानं घेतलं अन डोक्याले लावलं. मंग तिथल्या तिथी नवीनच काढलं. "आता याले पाणी लागू द्याचं नाई. रौशनभाऊ, हे तिच्या गादीतच शिवून टाका. मधोमध. रुईत कोरडं राह्यीन."

"गादीत?" रौशनले राग कवाच येत नसे, पण आता आला. "माह्या गादीत ढेकूल? लोकाच्या गादीतले खडे काढता काढता माहे केस पांढरे झाले, अन मी आपल्या हातानं ढेकूल शिवू? जवयाची पाठ मोडन! तो म्हणन कोन भरली ही गादी?"

"उशीत शिवा मंग."

"उशीत डोकं फुटन!"

"देवाजवळ ठेवा," किसनराव मधीच म्हणाले.

"देवाजवळ उंदरं येते."

असं तिघाईचं चाललं, अन ढेकूल कोणाच्या हातात आहे याकडे कोणाचं ध्यान नव्हतं. सुरभीनं ते मायच्या हातातून हळूच घेतलं होतं. ती अंगण ओलांडून ढोराच्या हौदापाशी गेली, शाल खांद्यावर घेतली, अन हौदात ढेकूल सोडलं. बुडुक आवाज झाला. या वेळेस आवाज झाला.

बेबीताई जिथल्या तिथी खाली बसल्या. किसनरावचा आ तसाच. रौशनचाही हात ढेकूल काढाले पुढं झाला, खोटं कायले बोला. पाण्यात पह्यले बुडबुडे आले, मंग माती सुटली, पाणी कायं होत गेलं. सुरभी वाकून पाह्यत राह्यली, हात काठावर घट्ट. तिचे ओठ हालत होते पण आवाज नव्हता.

तेवढ्यात म्हैस आली अन त्याच पाण्यात तोंड घालून फुर्र-फुर्र प्याली. ढेकूलही प्याली, शेणही प्याली. पिऊन झाल्यावर नाक पुसल्यासारखं सुरभीच्या शालीले तोंड घासलं.

सुरभी हासाले लागली. पह्यले हळू, मंग जोरात, मंग डोयाले पाणी येईपर्यंत. बांगड्या कोपरावरून खाली आल्या, वाजल्या.

"माय," ती म्हणाली, "भाकर आहे का व? अन वांग्याची भाजी असन तं दे. चाचालेही दे, सकायपासून चहा नाई पेला त्यानं."

बेबीताई उठल्या अन आधी चुलीकडे पयाल्या, मंग रडल्या.

गाद्या अशा भरल्या की वणीवाल्याईनं हात फिरवून पाह्यल्या. बंड्याच्या टिनाखालची फट बुजवाची म्हणून किसनराव एक दिवस शिडी घेऊन चढले अन न बुजवताच उतरले. "उंदरं लय झालेत," एवढंच म्हणाले. घुबडाचं नाव घेतलं नाई. दाराले मंग विटेचं टेकण लावलं.

लगनानंतर आलेल्या थंडीत वणीकडून येणाऱ्या एका माणसाच्या तोंडी रौशनले सुरभीचा निरोप आला. इथी कोयशाच्या खाणीतल्या धुयीनं झाडं काये झालेत, पण मागच्या वडाखाली काये गोये पडते. मी आता खालीच पाह्यते. सासूले भेव वाटते, तुमी येऊन त्याईले सांगा. अन हो, गादी दबली, पिंजाले या.

गादीले एक वर्सही झालं नव्हतं. रौशननं दुसऱ्याच दिवशी पिंजण काढलं, तातीले हात फिरवला.

"वणी तक?" गझालानं इचारलं. "एक गादी के लिए?"

"हां. गादी के लिए."

"और वो गादी कौन से झाड पे है?"

रौशन पिंजण खांद्यावर टाकून निघाला. बसमधी कंडक्टर म्हणाला, हे धनुष्य टपावर टाका, तं म्हणाला नाई, तात गारव्यानं ढिली पडते. अन दाराजवळ उभ्या उभ्या, प्रत्येक झाड आलं की खाली वाकून झाडाच्या बुडाशी पाह्यत, वणीपर्यंत गेला.